डब्यातल्या गोट्या : मोलाच्या की मातीमोल?

मैत्रिणींनो, जुनं घर आवरायला काढलं की माळ्यावरून काय काय निघतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या आजेसासूबाई गेल्या वर्षी एक्क्याण्णवाव्या वर्षी गेल्या. त्यांच्या ट्रंकेत लुगड्यांच्या खाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत काचेच्या सत्तेचाळीस गोट्या! "आबांच्या लहानपणच्या असणार," असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. चुलत सासऱ्यांनी जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला बोलावलं. त्याने डब्यात हात फिरवला आणि सगळ्यांचे मिळून पाचशे रुपये देऊ केले. पण त्याचा हात दोन गोट्यांपाशी जरा घुटमळला. शाळेत मुलांच्या खिशांवर नजर ठेवायची सवय मला. ते काही सुटलं नाही. "आठ दिवस थांबा," म्हटलं.

त्या आठ दिवसांत जे शिकले ते सांगते. तुमच्याही माळ्यावर असा डबा असेल.

आधी साध्या गोट्या बाजूला काढा. फिकट हिरवट, आत काही नक्षी नसलेली गोटी बहुधा सोड्याच्या बाटलीतली. ती बाटली हायरम कॉड या इंग्रज माणसाची युक्ती, 1870 च्या दशकातली. स्वच्छ काचेत रंगीत पाकळ्या दिसतात ती 'कॅट्स आय', म्हणजे मांजराचा डोळा. ही मूळ जपानची, दुसऱ्या महायुद्धानंतरची, आणि ढिगाने निघालेली. दिसायला गोड, पण किंमत फारशी नाही. आमच्या डब्यातल्या बऱ्याचशा याच दोन जातींच्या निघाल्या.

उरलेल्यांची आता बेंबी शोधा. हसू नका! जर्मनीत थुरिंगिया प्रांतातल्या लाउशा गावात काचेच्या गोट्या हाताने करत. रंगीत काचेच्या कांड्या एकत्र तापवून, पीळ देऊन लांब दांडी ओढायची आणि खास कात्रीने तिचे गोल तुकडे कापायचे. ही कात्री 1846 च्या सुमाराची. जिथे कापलं तिथे खडबडीत खूण राहते. संग्राहक तिला पॉन्टिल म्हणतात, मी आपली बेंबीच म्हणते. दांडीतून कापलेल्या गोटीला ती सहसा समोरासमोर दोन्ही टोकांना असते. डोळे मिटून नखाने चाचपा, कळते. अमेरिकेत ओहायोमधल्या अ‍ॅक्रन गावच्या क्रिस्टेन्सन यांना 1905 साली गोट्यांच्या यंत्राचं पेटंट मिळालं. पुढे 1914 च्या युद्धात जर्मन माल अडला आणि तिकडच्या यंत्राच्या गोट्यांचं फावलं. यंत्राची गोटी चोख गोल, तिला अशी बेंबी नाही. म्हणून ती टाकाऊ असं मात्र समजू नका. अ‍ॅक्रो अ‍ॅगेट कंपनीच्या स्क्रूसारख्या पिळाच्या गोट्यांनाही तिकडे चांगलं गिऱ्हाईक आहे.

हातच्या गोट्यांत आत पांढऱ्या धाग्यांची जाळी असलेली दिसते. कांद्याच्या सालीसारख्या रंगीत रेघांची असते. सोनेरी कण चमकतात तीही असते. ते कण सोन्याचे नव्हेत हं, तांब्याचे! आणि आत रुपेरी दिसणारा छोटासा प्राणी असेल तर ती 'सल्फाइड', बहुधा आकाराने मोठी. नुसत्या बुडबुड्यांवरून मात्र गोटी जुनी ठरवू नका. आजचे काच-कलावंतही हाताने गोट्या करतात, त्यामुळे बेंबी दिसली की जुनीच असंही नाही. अशा वेळी जाणत्याला दाखवावं.

मोल ठरतं ते जात, आकार, रंग आणि मुख्य म्हणजे पृष्ठभाग यांवरून. दुसऱ्या गोटीचा टोला बसला की काचेत चंद्रकोरीसारखा ओरखडा उमटतो. टवका उडाला तर किंमत निम्म्याच्याही खाली येऊ शकते. घासून चकाकी आणलेली गोटी तर जाणकार चटकन ओळखतो आणि भाव पाडतो. तेव्हा कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, एवढंच. उकळत्या पाण्यात टाकाल तर तडकेल. भाव बघायचा तर इंटरनेटवर कुणी काय मागतंय ते बघू नका, प्रत्यक्ष किती रुपयांना विकली गेली ते बघा.

आमच्या डब्यात बेंबीच्या दोन निघाल्या. एक जाळीची, अगदी कोरी. दुसरी निळ्या-तांबड्या सालीची, पहिलीहून मोठी आणि देखणी, पण अंगभर चंद्रकोरी आणि एका बाजूला टवका. मला इतकी हळहळ वाटली! "आबांनी जरा जपून खेळायचं होतं," मी म्हणाले.

आत्येसासूबाई शेजारीच शेंगा निवडत होत्या. "आबा कुठले खेळतात?" त्या म्हणाल्या. "डबा आईचा. चाळीतल्या मुलांकडून जिंकलेल्या आहेत तिने. नेम धरायची ती हीच. मुलगी गोट्या खेळते म्हणून मार खायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली."

चुलत सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग व्यापाऱ्याला फोन करून नको म्हणाले. जाळीची गोटी मुंबईत एका जाणत्याला दाखवायची ठरली आहे. भावंडांनी मान्य केलं तर विकूही. तोवर ती कापसात, वेगळ्या डबीत. टवक्याची मात्र आत्येंनी त्याच दिवशी पदराच्या गाठीत बांधून नेली.