दोन कांड्यांमधलं अंतर

संपादकांनी मला चाकणला पाठवलं ते रोबोंसाठी. दुचाकीच्या चासीचे भाग जोडणाऱ्या एका कारखान्यात यांत्रिक हातांच्या रांगेसमोर मी अर्धा दिवस उभा होतो. हाताच्या टोकाशी निळसर पांढरा जाळ पेटायचा, नळीचा सांधा धरून वळसा घ्यायचा आणि विझायचा. भजी तळताना कढई बोलते तसा त्याचा आवाज येत होता आणि त्यात कुठेही खंड नव्हता. शेजारच्या तरुण इंजिनिअरला मी विचारलं, ही आर्क इतकी स्थिर कशी राहते? तो म्हणाला, "ती आपली लांबी आपणच सांभाळते, सर. हाताने सांभाळणारं कुणी बघायचं असेल तर भोसरीला जा. तिथे एक मामा आहेत. वेल्डर आहेत, पण आधी तंबूत सिनेमा दाखवायचे."

त्या एका वाक्यापुढे रोबो मागे पडले.

भोसरीच्या एमआयडीसीत गुरुवारी शुकशुकाट असतो. साप्ताहिक सुट्टी तीच आणि वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीचा दिवसही बहुतेक तोच. मी गेलो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये काळोख होता. ग्रिल, ट्रॉल्या, लोखंडी पॅलेट असली कामं इथे होतात. मामा दाराशी स्टुलावर बसून चहा पीत होते. सत्तरी उलटलेली, गाव साताऱ्याकडचं. ऐन तारुण्यातली वीस वर्षं ते टूरिंग टॉकीजचे ऑपरेटर होते. यात्रा लागली की तंबू लागायचा, यात्रा उठली की ट्रक पुढच्या गावी. पुढे प्रेक्षक घरच्या टीव्हीसमोर बसले आणि मामा भोसरीत आले. शेडच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, त्यांनी एक लोखंडी पेटी जपून ठेवली आहे. प्रोजेक्टर केव्हाच भंगारात गेला. त्याचा मागचा भाग, म्हणजे दिव्याची पेटी, तेवढी मामांनी मालकाकडून मागून घेतली.

मामांनी झाकण उघडलं. आत मागच्या बाजूला अंतर्गोल आरसा, त्याच्या मधल्या भोकातून आलेली एक पकड, समोर दुसरी पकड. दोन पकडींत कार्बनच्या दोन कांड्या टोकाला टोक भिडवून धरायच्या, वीज सोडायची आणि कांड्या किंचित मागे घ्यायच्या. मधल्या फटीत हवाच पेट घेते. बाहेरच्या बाजूला दोन मुठी, एकेका कांडीला सरकवणाऱ्या. एवढीच ती यंत्रणा, आणि तिच्यासमोर एक माणूस वीस वर्षं रात्ररात्र उभा राहिला.

"दिवा लावणं कुणालाबी जमतंय," मामा म्हणाले. "ठेवणं अवघड. लांब गेली की फडफडती, जवळ आली की फुसफुसती."

आर्कला मामा 'ती' म्हणतात. मलाही आता तसंच म्हणावंसं वाटतं.

मामांच्या त्या फडफडती-फुसफुसतीच्या वाक्यात आर्क दिव्याचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास बसतो. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीने 2000 घटांची बॅटरी जोडून कोळशाच्या दोन तुकड्यांमध्ये हा जाळ दाखवला, तो 1810 च्या आसपास. कांड्या आडव्या असल्या की तापलेली हवा जाळाला वर उचलते आणि त्याची कमान होते, त्यावरूनच 'आर्क' हे नाव पडलं. सूर्याशी स्पर्धा करणारा दिवा हाती आला होता, पण तो रस्त्यावर लावता येईना. साधा कोळसा भराभर जळायचा. 1840 च्या दशकात फ्रान्सच्या फूकोने गॅसच्या भट्टीत साचणारा घट्ट कार्बन वापरला, तेव्हा कांडी टिकू लागली. तरी ती झिजतेच, आणि दोन्ही बाजू सारख्या झिजत नाहीत. डीसी विजेवर धन बाजूची कांडी ऋण बाजूच्या साधारण दुप्पट वेगाने जाते, म्हणून ती जाड घ्यायची. तिच्या टोकाला खळगा पडतो. बहुतेक सगळा उजेड त्या खळग्यातून येतो, जाळातून नव्हे. खळग्याचं तापमान साडेतीन हजार अंशांच्या वर असतं. तिथे कार्बन वितळत नाही, थेट वाफ होऊन जातो.

दुसरी अडचण जास्त कठीण. साध्या तारेत व्होल्ट वाढवले तर अँपियर वाढतात. आर्क उलट वागते. प्रवाह वाढला की ती आणखी तापते, तापली की तिच्यातून वीज सहज जाते, म्हणजे तिला कमी व्होल्ट पुरतात आणि प्रवाह पुन्हा वाढतो. मोकळी सोडली तर फ्यूज उडेपर्यंत ती वीज ओढत राहील. म्हणून तिच्या वाटेत अडसर लागतो. मामांच्या तंबूत तो होता तारेच्या वेटोळ्यांचा, लाल होणारा. त्याला ते 'रेझिस्टन' म्हणतात. पौषातल्या यात्रेत केबिनबाहेरची पोरं त्याच्याजवळ हात शेकायची.

युरोपातल्या कारागिरांनी कांड्या आपोआप सरकवण्यासाठी घड्याळाची चक्रं, वजनं, विद्युतचुंबक सगळं लावून पाहिलं. सेरँ या फ्रेंच माणसाचा नियंत्रक दीपगृहांत गेला. 1876 मध्ये पॅरिसमध्ये काम करणाऱ्या याब्लोचकोव्ह या रशियन इंजिनिअरने तर सरकवण्याची भानगडच काढून टाकली. त्याने दोन कांड्या मेणबत्तीसारख्या शेजारी उभ्या केल्या, मध्ये मातीचा थर भरला आणि दोन्ही सारख्या झिजाव्यात म्हणून एसी वीज दिली. 1878 मध्ये सीमेन्स कंपनीच्या हेफ्नर-आल्टेनेकने दोन वेटोळ्यांचा तराजू केला. एक वेटोळं प्रवाह बघायचं, दुसरं व्होल्ट, आणि दोघांच्या ओढाताणीत कांडी जागेवर राहायची. त्यामुळे एकाच तारेवर अनेक दिवे एकमेकांना न बिघडवता लागू लागले. आपल्याकडे मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले ते 1882 मध्ये. ते लावणारी कंपनी फार काळ तगली नाही.

पण मामांच्या 'फुसफुसती'चं उत्तर यातल्या कुणाकडेच नव्हतं. ते शोधलं एका घड्याळजीच्या मुलीने, आणि तिच्यापाशी मला थांबायचं आहे. हर्था आयर्टन यांचा जन्म 1854 चा. वडील पोलंडमधून इंग्लंडला आलेले निर्वासित ज्यू. ते लवकर गेले आणि आईने शिवणकाम करून घर चालवलं. पती विल्यम आयर्टन हे विजेचे प्राध्यापक. हर्थांनी आर्कचा ध्यास घेतला तो 1893 पासून. कांडीची जाडी, फटीची लांबी, प्रवाह, व्होल्ट यांतली एकेक गोष्ट स्थिर धरून त्या बाकीच्या मोजत गेल्या. त्यांना दिसलं, की प्रवाह फार झाला की खळगा कांडीच्या टोकावर मावत नाही, कडेवरून बाहेर सांडतो. तिथे त्याला हवेतला ऑक्सिजन गाठतो. तेवढ्यात फूत्कार सुरू होतो आणि व्होल्ट एकदम सुमारे 10 ने कोसळतात. हवाबंद भांड्यात आर्क फुसफुसत नाही. आत ऑक्सिजन सोडला की फुसफुसते, हेही त्यांनी करून दाखवलं. 1899 मध्ये हा निबंध त्यांनी इंग्लंडच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत स्वतः वाचला आणि त्या संस्थेच्या पहिल्या स्त्री-सदस्य झाल्या. रॉयल सोसायटीने मात्र 1902 मध्ये त्यांना फेलो करून घेतलं नाही, कारण विवाहित स्त्रीला त्या संस्थेच्या कायद्यात जागाच नव्हती. चार वर्षांनी त्याच संस्थेने त्यांना ह्यूज पदक दिलं.

हे सगळं मी मामांना सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "बाईनं बरोबर धरलं. फट फार कमी झाली की थोड्याशा करंटलाबी बोंबलती. आमी मूठ अर्धा आटा मागं घ्यायचो."

अर्धा आटा. आरशाचा केंद्रबिंदू ठरलेला असतो आणि धन कांडीचा खळगा नेमका तिथेच राहावा लागतो. तो दोनेक मिलिमीटर सरकला की पडद्याची एक बाजू निळी नाहीतर तांबूस पडते. पडद्यावर नायिका रडत असते आणि तिचा गाल निळा होतो, की तंबूतून शिट्ट्या. आर्ककडे उघड्या डोळ्यांनी बघता येत नाही. म्हणून पेटीच्या बाजूला एक बारीक भोक असतं. त्यातून आर्कची उलटी प्रतिमा समोर लावलेल्या कार्डावर पडते. मामांच्या पेटीवर ते कार्ड अजून आहे, धुराने पिवळं पडलेलं. त्यावर पेन्सिलीच्या दोन रेघा. एका रेघेवर धन कांडीची सावली, दुसरीवर ऋण कांडीची. सावली रेघ सोडून निघाली की मूठ फिरवायची. वीस वर्षं मामांनी सिनेमा पाहिला नाही, त्या दोन रेघा पाहिल्या. आवाज कानावर यायचा, त्यावरून कुठला प्रसंग चाललाय ते कळायचं.

जे भोसरीत हाताने होतं, तेच चाकणमध्ये कसं होतं हे मला तिथेच नीट उमगलं. रोबोच्या टोकातून तार ठरलेल्या वेगाने बाहेर येते आणि मशीन व्होल्ट स्थिर धरतं. फट वाढली की प्रवाह घटतो, तार कमी वितळते, तिचं टोक पुढे येतं आणि फट भरते. फट कमी झाली की प्रवाह वाढतो, तार जास्त वितळते, फट पुन्हा मोठी होते. ना चक्र, ना चुंबक. रोबो सांध्यावर हात किंचित डावीउजवीकडे हलवतो, प्रवाह कुठे वाढला, कुठे घटला ते वाचतो आणि सांध्याची वाट धरतो. मामांची पेन्सिलीची रेघ तिथे प्रवाहाच्या आकड्यांत गेली आहे.

या दोहोंच्या मध्ये भोसरीतला रोजचा वेल्डिंग रॉड येतो. साध्या ट्रान्सफॉर्मरवर, 50 हर्ट्झच्या एसीवर, आर्क सेकंदाला 100 वेळा विझते. ती दर वेळी पुन्हा धरावी म्हणून रॉडच्या लेपात पोटॅशियमचे क्षार असतात. लेपाची युक्ती स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांची, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. आज ॲडोर वेल्डिंग नावाने ओळखली जाणारी कंपनी 1951 मध्ये अडवाणी-ऑर्लिकॉन म्हणून सुरू झाली, ती असे रॉड आपल्या देशात बनवते. चिंचवडला तिचा कारखाना आहे.

मामांना रॉड शिकवावा लागला नाही. पहिल्या दिवशी फोरमनने होल्डर हातात दिला, बाकीची नवी पोरं रॉड चिकटवून बसली होती आणि यांनी एका दमात वीतभर सांधा भरला. फोरमनने विचारलं, आधी कुठल्या कंपनीत होता? "मी सांगितलं, यात्रेत."

इथपर्यंत मला फक्त कौतुक वाटत होतं. मग मामा खोकले. तो खोकला बराच वेळ थांबला नाही, आणि नंतरच्या गप्पांत मी खोकल्यांमधल्या अंतराकडेच लक्ष देत राहिलो.

पेटीला वर धुराडं होतं. कार्बनचा धूर तंबूबाहेर जायचा, निदान जायला वाट होती. या शेडला दोन खिडक्या आहेत आणि दोन्हींपुढे माल रचलेला आहे. चार होल्डर एकाच वेळी चालतात तेव्हा पत्र्याखाली निळसर थर साचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. आर्कमधल्या अतिनील किरणांनाही त्याच गटात. शेडमध्ये यावर उपाय काय, तर गूळ. गुळाने धूर घशाखाली उतरतो, अशी समजूत आहे. पण धूर जातो फुप्फुसात आणि गूळ पोटात. छताला धूर ओढणारा पंखा बसवणं हे रोबो बसवण्याइतकं अवघड नाही, तरी ते झालेलं नाही, याचा मला राग आला. अजूनही आहे.

डोळ्यांचंही तसंच. आर्क लागली की रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, माणूस ओरडत उठतो. बटाट्याच्या चकत्या ठेवतात. टॅक, म्हणजे भाग जागेवर धरणारा छोटा टाका, मारताना काच खाली ओढायचा कंटाळा येतो, कारण काळी काच लावली की आर्क पेटेपर्यंत काहीच दिसत नाही. पोरं डोळे मिटून टॅक मारतात. मामा कधी तसं करत नाहीत. दुसऱ्यांनाही करू देत नाहीत. परवा लातूरहून आलेल्या एका पोराच्या हातून त्यांनी होल्डर काढून घेतला आणि दिवसभर झाडू दिला. पण मामांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. शस्त्रक्रियेची तारीख दोनदा पुढे गेली, कारण दोन्ही वेळा ऑर्डरची घाई होती.

संध्याकाळी पाचला वीज आली. मी न विचारताच मामा उठले. डीसी वेल्डिंग मशीनच्या दोन केबल त्यांनी पेटीच्या पकडींना लावल्या. अशा मशीनमध्ये आर्कला लागणारा अडसर आतच असतो, वेगळा रेझिस्टन लागत नाही. सिनेमाचे कार्बन आता मिळत नाहीत. लोखंड खरवडायला गाऊजिंगच्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या कांड्या मिळतात, त्यातल्या दोन त्यांनी चढवल्या. मग खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला बोटभर तुकडा काढून मला दाखवला. खऱ्या धन कांडीचा, शेवटच्या खेळातला. तिच्या मधोमध मऊ गाभा असतो. तो बाकीच्या कांडीच्या किंचित आधी जळतो, त्यामुळे खळगा नेमका मध्यभागी बसतो. गाऊजिंगच्या कांडीला गाभा नाही, म्हणून आर्क तिच्या टोकावर भटकत राहते.

मी म्हणालो, मामा, हा तुकडा लावून बघायचा का? त्यांनी तो पुन्हा कागदात गुंडाळला.

कांड्या भिडल्या, मागे सरल्या. समोरच्या पत्र्यावर पांढरा गोल उमटला आणि हेलकावे खाऊ लागला. गाभा नसलेली ती आर्क कधी वर, कधी कडेला. मामा पत्र्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर पिवळ्या कार्डावर, उजव्या डोळ्याने, मान किंचित वळवून. अंगठा आणि बोट मुठीवर. अर्धा आटा पुढे, पाव मागे. थोड्या वेळाने पत्र्यावरचा गोल थांबला. दाराशी दोन-तीन पोरं येऊन उभी राहिली होती. त्यांच्या सावल्या पत्र्यावर पडल्या, त्या हलत नव्हत्या. मी घड्याळ लावलं होतं. चार मिनिटं आणि काही सेकंद. मग ती फुसफुसली, मामांनी मूठ मागे घेतली आणि मशीन बंद करायला सांगितलं, कारण त्यांना खोकला आला होता.