विनिपेग: नकाशावरचे आणि आठवणीतले

स्वतःच्या जन्मगावावर माहितीपट काढू पाहणाऱ्या दिग्दर्शकापुढे पहिली अडचण उभी राहते ती पुराव्याची. कारण गावाचा नकाशा, लोकसंख्या आणि इमारतींची सालवारी दप्तरात सापडते, परंतु ज्या गोष्टींमुळे ते गाव त्याचे झालेले असते त्या बहुधा त्याच्या स्मरणातच असतात, आणि स्मरणाची साक्ष फारशी भरवशाची नसते. कॅनडातील मॅनिटोबा प्रांताची राजधानी विनिपेग येथे १९५६ मध्ये जन्मलेले दिग्दर्शक गाय मॅडिन यांनी २००७ मधील ‘माय विनिपेग’ या सुमारे ८० मिनिटांच्या चित्रपटात ही अडचण लपवली नाही; तिलाच विषय केले. कॅनडातील एका माहितीपट-वाहिनीने सोपवलेल्या कामातून घडलेल्या या कृतीला त्यांनी ‘डॉक्यू-फँटेशिया’, म्हणजे माहितीपट आणि मुक्त कल्पनाविलास यांचा मिलाफ, असे नाव दिले.

शहरांवरील प्रायोगिक माहितीपटांची परंपरा मूकपटांच्या काळापासूनची आहे. १९२७ मध्ये वाल्टर रुटमान यांनी बर्लिनचा एक दिवस संगीतरचनेच्या लयीत बांधला, १९२९ मध्ये झिगा व्हेर्टोव्ह यांनी सोव्हिएत शहरांचे जीवन कॅमेऱ्याने टिपले, आणि अशा चित्रपटांना पुढे ‘सिटी सिम्फनी’ हे नाव रूढ झाले. त्यांत रस्ते, यंत्रे आणि गर्दी असते. दिग्दर्शकाची आई मात्र नसते. मॅडिन यांच्या शहरात सर्वांत मोठी जागा आईचीच आहे, इतकी की रेड आणि असिनिबॉइन या नद्यांच्या संगमाची सांगड त्यांचा निवेदक आईच्या मांडीशी घालतो.

कथानक म्हणावे असे चित्रपटात थोडेच आहे. मॅडिन यांचेच नाव धारण केलेले एक पात्र रात्रीच्या आगगाडीत पेंगत बसले आहे, त्याला गाव कायमचे सोडायचे आहे, पण झोप त्याला सोडत नाही आणि खिडकीपलीकडे बर्फाने झाकलेले तेच ते रस्ते सरकत राहतात. या दृश्यांसाठी पार्श्वप्रक्षेपण, म्हणजे आधी चित्रित केलेली दृश्ये मागच्या पडद्यावर टाकून नटाला त्यांच्यापुढे बसवण्याचे जुने तंत्र, वापरले आहे. बहुतांश कृष्णधवल चित्रण, मूकपटांतल्यासारख्या मधल्या पाट्या आणि क्षणार्धात बदलणारी दृश्ये यांमुळे नवे चित्रीकरण आणि खरोखरच जुने चित्रीकरण यांतील सीमा पुसट होते. या सगळ्यावर स्वतः मॅडिन यांचे निवेदन, एकच वाक्य पुनःपुन्हा घोळवणारे, मंत्रासारखे चालू राहते.

हे निवेदन किती खरे, हा प्रश्न प्रेक्षकाला पहिल्या काही मिनिटांतच पडतो. विनिपेगमध्ये झोपेत चालणाऱ्यांचे प्रमाण इतर शहरांच्या दहापट आहे आणि ते आपल्या जुन्या घरांच्या किल्ल्या जवळ बाळगतात, असे निवेदक सांगतो. आगीला भिऊन नदीत शिरलेले घोडे जागीच गोठले आणि बर्फाबाहेर राहिलेल्या त्यांच्या मस्तकांमध्ये प्रेमी युगुले हिवाळाभर फिरत राहिली, हेही तो त्याच स्वरात सांगतो. या दंतकथा आहेत. मात्र सर्वांत अविश्वसनीय वाटणारी घटना इतिहासात नोंदलेली आहे: १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, युद्धकर्जाच्या रोख्यांची विक्री वाढावी म्हणून, नाझी गणवेशातील स्वयंसेवकांनी विनिपेग ‘जिंकले’, लोकप्रतिनिधींना ‘अटक’ केली, पुस्तके जाळली आणि शहराचे नाव एका दिवसापुरते ‘हिमलरस्टाट’ झाले. ‘इफ डे’ म्हणजे ‘असे झाले तर’चा दिवस, हे त्या लुटुपुटूच्या आक्रमणाचे नाव. दप्तरातले सत्य असे विलक्षण असू शकते, म्हणूनच गोठलेल्या घोड्यांवरही क्षणभर विश्वास बसतो, आणि मॅडिन यांची खरी करामत या शेजारात आहे.

घरातल्या प्रसंगांत हाच खेळ अधिक नाजूक होतो. मॅडिन कुटुंब एका केशभूषालयाच्या वर राहत असे. ते बालपणीचे घर आपण पुन्हा भाड्याने घेतले असून १९६३ मधील प्रसंग नटांकरवी पुन्हा घडवत आहोत, असे निवेदक सांगतो. भावंडांच्या भूमिका नट करतात, परंतु आई ही खरी आईच आहे, असा त्याचा दावा असतो. प्रत्यक्षात ती अ‍ॅन सॅव्हेज, १९४५ च्या ‘डीटूर’ या गुन्हेपटातील अविस्मरणीय नायिका, आणि ही त्यांची अखेरची भूमिका ठरली. ज्या स्त्रीची जरब मुलाला आयुष्यभर विसरता आली नाही, ती साकारण्यासाठी त्या जुन्या पडद्यावरची धगधगती स्त्री निवडणे, ही जवळपास अचूक निवड म्हणावी लागेल.

चित्रपटाचा स्वर बदलतो तो पाडलेल्या इमारतींपाशी. १९०५ पासून शहराच्या मध्यभागी उभे असलेले ‘ईटन्स’ हे भव्य दुकान कंपनी बुडाल्यावर जमीनदोस्त झाले आणि त्याच जागेवर हॉकीचे नवे क्रीडागृह बांधले गेले. त्यामुळे १९५५ मधील जुने क्रीडागृह निरुपयोगी ठरून २००६ मध्ये तेही पाडण्यात आले. मॅडिन यांचे वडील हॉकी संघाच्या व्यवस्थापनात होते, आणि त्या वास्तूच्या पाडकामाचे चित्रण अस्सल आहे. निवेदनातला राग येथे उघडा पडतो. अखेरीस निवेदक एका मुलीची कल्पना करतो, जी हाताच्या एका खुणेने ईटन्स पुन्हा उभारील, जुने क्रीडागृह परत आणील. आणि मग, गाव चांगल्या हाती आहे अशी खात्री पटल्यावर, त्याला निघता येईल. गाडी तोवर विनिपेगमध्येच फिरत असते.