गणवेशाची दुसरी गुंडी

जपान देशांत शाळेचें वर्ष एप्रिल महिन्यांत सुरू होतें आणि मार्च महिन्यांत संपतें. मार्चमध्यें शेवटच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना निरोप देण्याचा मोठा समारंभ होतो. त्या दिवशीं शाळेच्या फाटकांतून बाहेर पडणाऱ्या मुलांकडे नीट पाहिलें, तर एखाद्याच्या काळ्या कोटावरील पांच गुंड्यांपैकीं वरून दुसरी गुंडी जागेवर नाहीं, असें दिसून येतें. ती तुटून पडलेली नसते. कोणा मुलीनें ती मागून घेतलेली असते, किंवा त्या मुलानें आपण होऊन दिलेली असते. ह्या कोटाची कॉलर गळ्याशीं बंद होत असल्यामुळें पहिली गुंडी कंठाशीं येते, आणि दुसरी हृदयाच्या सर्वांत जवळ राहते. जी गुंडी इतके दिवस हृदयापाशीं होती, ती देणें म्हणजे आपलें मन देणें, असा ह्या चालीचा अर्थ सांगतात.

कोणी म्हणेल, शाळेच्या वार्षिक अंकांत हा विषय कशाला? परंतु विचार करूं लागलें असतां ह्या एका गुंडींत बरेंच कांहीं सांठविलेलें आढळतें. गणवेश हा सर्वांना सारखें करूं पाहतो, आणि प्रीति ही एकाला सर्वांहून वेगळें पाहते. हीं दोन परस्परविरुद्ध तत्त्वें एकाच शाळेंत, एकाच कोटाखालीं कशीं नांदतात, आणि तीं नांदेनाशीं झालीं म्हणजे काय होतें, हें जपानच्या उदाहरणावरून चांगलें समजतें. तें समजणें विद्यार्थ्यांस जितकें उपयोगाचें, तितकेंच त्यांच्या आईबापांसही आहे.

मुलांचा हा काळा कोट मूळचा जपानी नव्हे. १८६८ सालीं तेथें जुनी शोगुनशाही जाऊन मेइजी बादशहाची राजवट आली, आणि १८७२ सालीं सर्व देशासाठीं शिक्षणाचा कायदा झाला. पाश्चात्य राष्ट्रांच्या बरोबरीनें उभें राहावयाचें, तर त्यांची विद्या, त्यांची सैन्यरचना व त्यांचा पोषाख हीं तिन्ही घेतलीं पाहिजेत, असें त्या वेळच्या पुढाऱ्यांस वाटत होतें. सरदार घराण्यांतील मुलें ज्या गाकुशुइन नांवाच्या विद्यालयांत शिकत, तेथें १८७९ सालीं आरमारी धर्तीचा, बंद गळ्याचा पोषाख सुरू झाला. १८८६ सालीं टोकियोच्या शाही विद्यापीठानें चकचकीत गुंड्यांचा लष्करी धर्तीचा कोट पत्करला, आणि हळूहळू तो खालच्या शाळांत उतरला. ह्या कोटास ‘गाकुरान’ असें म्हणतात. ‘गाकु’ म्हणजे विद्या, आणि ‘रान’ म्हणजे हॉलंड. जपाननें दोनशें वर्षांहून अधिक काळ पाश्चात्यांना आपलीं दारें बंद ठेविलीं होतीं. त्या काळांत नागासाकीच्या बंदरांत व्यापारास येऊं दिलेले युरोपीय लोक काय ते डचच होते. म्हणून जें जें पश्चिमेकडील, तें तें डच, अशी भाषा रूढ झाली. विद्यार्थ्यांचा विलायती पोषाख, एवढाच त्या नांवाचा अर्थ.

मुलींच्या गणवेशाची हकीकत मिशन-शाळांशीं संबंध असलेल्या आपणां वाचकांस अधिक जवळची वाटेल. मेइजी काळांतील विद्यार्थिनी किमोनोवर ‘हाकामा’ नांवाचें चुण्यांचें घेरदार वस्त्र नेसत. तें शोभिवंत खरें, परंतु तें नेसून कसरत करणें किंवा धांवणें अवघड जाई. ह्या अडचणींतून जी वाट निघाली, ती समुद्रावरून आली. पाठीवर चौकोनी पडणारी कॉलर आणि गळ्याशीं बांधलेला रुमाल हा ब्रिटिश आरमारांतील साध्या खलाशांचा वेष होय. १८४६ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलास तो घालून त्याचें चित्र काढविण्यांत आलें, आणि पुढें युरोप-अमेरिकेंतील लहान मुलांत त्या पोषाखाची आवड पसरली. जपानांत क्योटो येथील हेइआन जोगाकुइन ह्या मिशनच्या कन्याशाळेनें १९२० सालीं खलाशी कॉलरचा, कमरेस पट्टा असलेला झगा आपल्या मुलींस दिला. १९२१ सालीं नागोया येथील किंजो ह्या मिशन-शाळेनें व फुकुओका येथील मुलींच्या मिशन-शाळेनें वर खलाशी सदरा व खालीं चुण्यांचा स्कर्ट, असा दोन भागांचा पोषाख घेतला. फुकुओकाच्या मुख्याध्यापिका एलिझाबेथ ली ह्या अमेरिकन मिशनरी बाई होत्या. ह्यांत पहिला मान कोणाचा, ह्याविषयीं मतभेद आहेत; परंतु हा पोषाख मिशन-शाळांच्या दारांतून जपानांत शिरला, हें सर्वांस मान्य आहे. तो सोयीचा व शिवावयास सोपा असल्यामुळें थोड्याच वर्षांत देशभर पसरला, आणि खलाशांचा हा वेष जपानी शाळकरी मुलीची ओळख होऊन बसला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कापडाची टंचाई पडली. मुलींना वर्ग सोडून कारखान्यांत कामास जावें लागलें, आणि स्कर्टच्या जागीं ‘मोंपे’ नांवाची, शेतकरी बायका घालीत तशी, घोट्याशीं आवळलेली सैल तुमान आली. १९४५ सालीं युद्ध संपलें. पुढें देश सावरूं लागला, तसा खलाशी पोषाखही शाळेंत परत आला. ज्यांनीं तो मध्यंतरीं गमावला होता, त्यांस तो केवळ नियमाचा कपडा वाटला नसेल. शांततेच्या दिवसांची ती खूणच होती.

आतां ह्या कपड्याशीं मुलांनीं काय खेळ केला, तें पाहूं. जेथें सर्वांचा पोषाख एक, तेथें बोटभर फरकही बोलूं लागतो. १९७० च्या दशकांत बंडखोर मुली आपले स्कर्ट घोट्यापर्यंत लांब करीत, आणि त्यांच्या जोडीचे मुलगे कोट गुडघ्यापर्यंत लांब व तुमानी फुगीर शिवून घेत. १९८० च्या दशकांत पुष्कळ शाळांनीं जुना पोषाख सोडून उघड्या गळ्याचा ब्लेझर व चौकड्यांचा स्कर्ट घेतला. सुंदर गणवेश पाहून मुली शाळेची निवड करूं लागल्या होत्या, हेंही त्याचें एक कारण होतें. १९९० च्या दशकांत वारें पुन्हां फिरलें. आतां स्कर्ट कमरेशीं घड्या घालून आखूड करावयाचा, आणि पायांत घोट्याशीं चुण्या पडलेले सैल पांढरे मोजे घालावयाचे, अशी टूम निघाली. शाळेंत शिरतांना घडी उलगडली कीं नियम पाळला गेला, आणि फाटकाबाहेर पडतांच ती पुन्हां घातली कीं स्वातंत्र्य मिळालें! लांबी वाढो कीं कमी होवो, तिच्यांतून निघणारा अर्थ एकच होता: मी सर्वांसारखी आहें, पण अगदीं सर्वांसारखी नाहीं.

ह्याहून चमत्कारिक गोष्ट पुढेंच आहे. ज्या शाळांत गणवेशाची सक्ति नाहीं, तेथील कित्येक मुली बाजारांतून गणवेशासारखे कपडे विकत घेऊन ते आवडीनें घालतात. ह्यांस ‘नांचात्ते सेइफुकु’, म्हणजे लटका गणवेश, असें म्हणतात. एकमेकांवर प्रीति असलेलीं दोघें गणवेश घालून फिरावयास जातात, आणि शाळा सुटल्यावर, आपल्याला तें सुख मिळालें नाहीं, म्हणून हळहळणारे तरुणही पुष्कळ आहेत. सक्तीचा कपडा इतका प्रिय कां व्हावा? वरच्या शाळेचीं वर्षें तीनच, आणि तीं परत येणार नाहींत, हें त्या मुलांस ठाऊक असतें. गणवेश हें त्या वर्षांचें दृश्य रूप आहे.

प्रीतीच्या गोष्टींतही जपानी मुलांनीं नियमांना नियमांनींच उत्तर दिलें आहे. आपल्या मनांतील भाव आडून सुचवीत राहावयाचें नाहीं. योग्य वेळ पाहून तो स्पष्ट शब्दांत सांगावयाचा, अशी तेथें रीत आहे. हिला ‘कोकुहाकु’, म्हणजे मनांतील गोष्ट उघड करणें, असें म्हणतात. वर्ग सुटल्यावर शाळेच्या इमारतीच्या मागें दोघें भेटतात, आणि एक दुसऱ्यास सांगतो: “तूं मला आवडतेस, माझ्याशीं मैत्री करशील का?” होकार मिळाला, तर त्या क्षणापासून दोघें एकमेकांचीं झालीं, नकार मिळाला, तर नमस्कार करून परत फिरावयाचें. ज्यास तोंडानें बोलवत नाहीं, तो चिठ्ठी लिहितो. जपानी शाळेंत बाहेरचे जोडे काढून आंतले जोडे घालावे लागतात. त्यासाठीं दाराशीं प्रत्येकाचा कप्पा असतो, आणि तोच ह्या चिठ्ठ्यांची टपालपेटी होतो. वर्गांतील सोबती मात्र चिडवावयास टपलेले असतातच. ते फळ्यावर छत्रीचें चित्र काढून तिच्या दांड्याच्या दोहों बाजूंस दोघांचीं नांवें लिहितात. एका छत्रींत दोघांनीं जाण्यास जपानींत ‘आइआइगासा’ म्हणतात. ‘आइ’ ह्या उच्चाराचा दुसरा अर्थ प्रेम असा होतो, म्हणून हा श्लेष.

मुलींनीं प्रथम बोलावें, ह्यासाठीं तर एक दिवसच राखून ठेविलेला आहे. तो १४ फेब्रुवारीचा सेंट व्हॅलेंटाइनचा दिवस. पश्चिमेकडे ह्या दिवशीं दोघेंही एकमेकांस भेट देतात. जपानांत मात्र मुलींनीं मुलांस चॉकोलेट द्यावयाचें. ही चाल व्यापाऱ्यांनीं पाडली, हें लपवून ठेवण्याचें कारण नाहीं. १९५८ सालीं टोकियोंतील एका मोठ्या दुकानांत एका चॉकोलेट-कंपनीनें ह्या दिवसासाठीं विक्री मांडली, तेव्हां तीन दिवसांत अवघ्या १७० येनांचा माल खपला, असें ती कंपनीच सांगते. पुढें हीच चाल देशभर पसरली. परतफेडीसाठीं १९८० सालापासून मिठाईवाल्यांच्या संघानें १४ मार्च हा ‘श्वेत दिन’ ठरविला. त्यांतही भेद आहेत: मनापासून दिलेलें चॉकोलेट वेगळें, केवळ रीत म्हणून दिलेलें वेगळें, आणि मैत्रिणींनीं मैत्रिणींस दिलेलें तिसरें. व्यापार हा व्यापारच. परंतु ज्या मुलीचें धाडस एरव्हीं झालें नसतें, तिच्या हातांत त्यानें एक निमित्त दिलें, हेंही खरें.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, नियम व मन ह्यांचा जपानांत सदैव गोड समेट होतो. तसें नाहीं. नियम कपड्यावरून अंगावर आणि अंगावरून मनावर चढूं लागला, म्हणजे काय होतें, हें अलीकडच्या खटल्यांनीं दाखविलें आहे. २०१७ सालीं ओसाका प्रांतांतील एका विद्यार्थिनीनें न्यायालयांत फिर्याद नेली. आपले केस जन्मतःच पिंगट असतां शाळेनें ते पुनःपुन्हां काळे रंगवावयास लाविलें, आणि आपण शाळेंत जाणें सोडल्यावर वर्गाच्या यादींतून आपलें नांव काढलें व वर्गांतील आपलें बांकही हलविलें, अशी तिची तक्रार होती. २०२१ सालीं निकाल लागला. केसांचा नियम न्यायालयानें बेकायदा ठरविला नाहीं. परंतु नांव काढणें व बांक हलविणें हें अयोग्य ठरवून ३,३०,००० येन भरपाई देवविली. टोकियोंतील एका खासगी शाळेंत मुलामुलींच्या प्रेमसंबंधांस बंदी होती. तो नियम मोडला म्हणून एका मुलीस २०१९ सालीं शाळा सोडावयास भाग पाडण्यांत आलें. २०२२ सालीं न्यायालयानें येथेंही नियम रद्द केला नाहीं, पण मुलीस शाळेबाहेर घालविणें अन्यायाचें ठरवून भरपाई देवविली.

ह्या दोन निकालांतील समान सूत्र लक्षांत घेण्यासारखें आहे. शाळेस नियम करण्याचा अधिकार आहे, हें न्यायालयांनीं नाकारलें नाहीं. परंतु नियमाच्या नांवाखालीं मुलाची शाळेंतील जागाच काढून घेण्याचा अधिकार शाळेस नाहीं, असें त्यांनीं बजावलें. नियम मुलासाठीं असतो. मूल नियमासाठीं नसतें. जनमत ह्या बाजूस वळूं लागल्याचीं चिन्हेंही दिसतात. टोकियोच्या शिक्षणमंडळानें एप्रिल २०२२ पासून आपल्या सरकारी माध्यमिक शाळांतून, सर्वांचे केस काळेच असावेत, ह्या व अशा आणखी कांहीं नियमांना रजा दिली. टोकियोच्या नाकानो विभागांत तर एका प्राथमिक शाळेंतील मुलीनें, मुलींनाही तुमान घालावयाची मोकळीक असावी, अशी विभागाच्या नगराध्यक्षांकडे रीतसर मागणी केली, आणि २०१९ सालापासून तेथील सरकारी शाळांतून ती मोकळीक मिळाली. तिनें नियम चोरून मोडला नाहीं. तो बदलावयास सांगितलें. लपून घातलेल्या घडीपेक्षां ही वाट अधिक लांबची, पण अधिक मानाची.

गुंडीची चाल मात्र आतां मागें पडत चालली आहे. ब्लेझर आला, तेथें गळ्याशीं बंद होणारी कॉलर राहिली नाहीं, आणि हृदयाजवळची ती गुंडीही राहिली नाहीं. त्यामुळें कोठें कोठें गुंडीच्या जागीं गळपट्टी मागतात. वस्तु बदलली, तरी मागणें तेंच आहे.

विद्यार्थिमित्रहो, गणवेश अंगावर असतांना मन वेगळें असूं शकतें, ह्याची लाज बाळगूं नका. परंतु जें मनांत आहे तें सांगण्याची सभ्य रीत शिका, आणि नकार मिळाला तर तो नमस्कार करून स्वीकारावयासही शिका. आणि पालकांस व शिक्षकांस एवढीच विनंति, कीं मुलाच्या कोटाच्या पांचही गुंड्या नीट लागल्या आहेत कीं नाहींत, हें जरूर पाहावें. पण एखादे दिवशीं दुसरी गुंडी दिसली नाहीं, तर छडी हातीं घेण्यापूर्वीं ती कोठें गेली, हें त्याला मायेनें विचारावें.