भाड्याचं मोटरहोम परत करताय? डिपॉझिट कापलं जाऊ नये म्हणून एवढं करा

गेल्या वर्षी आई-बाबांना घेऊन न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आठ दिवस मोटरहोमने फिरलो. ख्राइस्टचर्च, टेकापो, वानाका, क्वीन्सटाउन आणि परत ख्राइस्टचर्च. गाडी परत करताना तिथल्या माणसाने मागच्या बंपरवरचा ओरखडा दाखवला आणि म्हणाला, हा तुमच्याकडून झालाय. बाबांचा चेहराच उतरला. कारण वानाकाला गाडी मागे घेताना "येऊ दे, येऊ दे" म्हणत तेच मागे उभे होते!

मी पहिल्या दिवशीचा व्हिडिओ काढून दाखवला. ओरखडा त्यात आधीपासूनच होता. विषय दोन मिनिटांत संपला.

१. व्हिडिओ ताब्यात घेतानाच काढा

डेपोतून बाहेर पडण्याआधी गाडीभोवती सावकाश एक फेरी मारा. काच, टायर, छताच्या कडा, बंपर आणि आतलं सामान, सगळं घ्या. जो ओरखडा फॉर्मवर नाही, तो तिथेच लिहून घ्या.

फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागाही साठवलेली असते. यालाच मेटाडेटा म्हणतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती निघून जाते, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा. पण मेटाडेटा बदलताही येतो. त्यामुळे त्याच दिवशी महत्त्वाचे फोटो कंपनीला ईमेल करा. ईमेलची तारीख तुमच्या फोनच्या घड्याळावर अवलंबून नसते आणि कंपनीकडेही त्याची नोंद राहते.

२. दोन्ही टाक्या रिकाम्या करा

एक टाकी सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची, दुसरी टॉयलेटची. दोन्ही फक्त डंप स्टेशनवरच रिकाम्या करायच्या. जवळचं डंप स्टेशन 'कॅम्परमेट' अॅपवर सापडतं. आदल्या दिवशीच हे काम उरका. टॉयलेटची टाकी भरलेली राहिली तर साफसफाईचा चार्ज लागतो, आणि तो चांगलाच लागतो.

३. डिझेल स्वस्त का वाटतं?

न्यूझीलंडमध्ये पेट्रोलच्या दरात रस्त्याचा कर धरलेला असतो, डिझेलच्या दरात नसतो. डिझेल गाडीला तो कर किलोमीटरप्रमाणे वेगळा भरावा लागतो. बऱ्याच कंपन्या गाडी परत घेताना तो ओडोमीटर बघून लावतात. हा दंड नाही, पण बजेटमध्ये धरला नाही तर धक्का बसतो. गाडी घेताना आणि देताना ओडोमीटर व इंधनकाट्याचा फोटो काढा. डेपोजवळच्या पंपावर टाकी फुल करा आणि पावती ठेवा.

४. टोल आणि बंदी असलेले रस्ते

दक्षिण बेटावर टोल रस्ते नाहीत. उत्तर बेटावर तीन आहेत, पण टोलनाका एकाही ठिकाणी नाही. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि पाच दिवसांत ऑनलाइन पैसे भरायचे असतात. विसरलात तर नोटीस कंपनीकडे जाते आणि कंपनी वर स्वतःचा प्रोसेसिंग चार्ज लावते.

क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स कॅनियन रस्त्यावर भाड्याच्या गाड्यांना विमा लागू होत नाही. बऱ्याच गाड्यांत जीपीएस ट्रॅकर असतो, म्हणजे "कोणाला कळणार?" हा हिशोब चालत नाही.

५. कार्डाचा हिशोब

काही कंपन्या डिपॉझिटची रक्कम कार्डावर फक्त अडकवून ठेवतात, काही थेट कापतात. बुकिंगआधी हे विचारा. थेट कापली तर परत येताना त्या दिवसाचा विनिमय दर लागतो, म्हणजे एकही ओरखडा नसताना रुपयांत थोडं नुकसान होऊ शकतं.

६. वेळेआधी पोहोचा

शेवटची रात्र डेपोपासून तासाभराच्या आतच काढा. गाडी देताना तपासणी समोर उभं राहून करून घ्या आणि "नुकसान नाही" असं लेखी घ्या. नुसती चावी पेटीत टाकून निघू नका.

आता आमचे बाबा गोव्यात स्कूटर भाड्याने घेतली तरी किल्लीला हात लावण्याआधी फोन बाहेर काढतात. तुम्हीही तेच करा.