रांग हजारावर का थांबते?

याहूमध्ये जन्मलेला झूकीपर अनेक सर्व्हरांत एकवाक्यता राखतो: म्होरक्या कोण, कुलूप कोणाकडे, हे त्याच्याकडूनच कळतं. त्यासाठी तो सगळा डेटा मेमरीत ठेवतो. खोळंबलेल्या विनंत्याही तिथेच साचतात, म्हणून त्यांची मर्यादा मुळातच १,००० ठेवलेली असते. ती भरली की झूकीपर क्लायंटच्या जोडणीवरून पुढचं वाचणंच थांबवतो. पाठवणाऱ्याचा वेग आपसूक मंदावतो. ही युक्ती मला फार आवडते. मर्यादा बिनधास्त वाढवणं मात्र धोक्याचं. एकेक विनंती जवळपास १ एमबीची असू शकते. अशा हजार साचल्या तर जवळजवळ १ जीबी मेमरी त्यातच गेली. मेमरी अपुरी पडून डिस्कवर स्वॅपिंग सुरू झालं, तर सगळंच रेंगाळतं आणि क्लायंटची चालू सत्रं तुटू लागतात.