शेफची पाककृती घरी का फसते?

संजीव कपूर यांचा 'खाना खजाना' हा कार्यक्रम १९९३ मध्ये 'झी टीव्ही'वर सुरू झाला आणि नामवंत शेफच्या पाककृती मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात पोहोचल्या. तेव्हापासून एक अनुभव मात्र घरोघरी सारखाच येतो. वहीत उतरवून घेतलेली कृती तंतोतंत पाळूनही कढई पनीरमधील ढोबळी मिरची लिबलिबीत होते, रस्सा पाणचट राहतो आणि 'हाताला चव नाही' असा ठपका स्वयंपाक करणाऱ्यावर येतो. खरा दोष बहुधा हाताचा नसून आचेचा असतो.

उपाहारगृहातील बर्नर घरगुती शेगडीच्या कित्येक पट उष्णता देतो. भाजीला खमंगपणा येण्यासाठी तिचा पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. प्रखर आचेवर भाजीचे पाणी सुटताक्षणी उडून जाते. घरच्या कढईत ते साचते, तापमान १०० अंशांच्या आसपास अडकते आणि भाजी परतली न जाता उकडली जाते. यावर उपाय सोपा आहे. कढई आधी चांगली तापवावी, भाजी थोडी थोडी करून दोन-तीन वेळा परतावी आणि मीठ शेवटी घालावे. कारण मिठाने पाणी लवकर सुटते.

दुसरा फरक वेळेचा. पडद्यावर चिरलेला कांदा आणि वाटलेला मसाला वाट्यांत तयार असतो. ही पूर्वतयारी 'वीस मिनिटांत' धरलेली नसते. शिवाय दोन मिनिटांत बदामी झालेला दिसणारा कांदा घरी पंधरा-वीस मिनिटे घेतो. म्हणून घड्याळापेक्षा कांद्याचा रंग आणि मसाल्याला सुटणारे तेल यांवर विसंबावे.

तंदूरचे तापमान ४०० अंशांच्याही वर जाते. घरगुती ओव्हन बहुधा २५० अंशांवर थांबतो. अशा वेळी रोटीच्या एका बाजूला पाणी लावून ती लोखंडी तव्यावर चिकटवावी आणि तवा आचेवर पालथा धरावा.

कमलाबाई ओगले यांच्या १९७० मधील 'रुचिरा'ने वाटी-चमच्याच्या मापांत पदार्थ सांगितले. घरातील साधनांपासून सुरुवात करण्याची ही दृष्टी शेफच्या कृतीलाही लावली, तर सामग्री वाया जात नाही आणि हातालाही उगाच बोल लागत नाही.