दाढ काढावी की ठेवावी?

यंदा संक्रांतीला हिवरे बाजारला घरी गेले होते. कडक तिळगूळ चावला आणि खालच्या दाढेचा एक कोपरा तुटून हातात आला. दाढ आधीच किडलेली होती. मी मात्र परीक्षेचे निमित्त करून वर्षभर दुर्लक्ष केले होते. आजी म्हणाली, "काढून टाक पोरी, कटकट मिटेल." आजीच्या तोंडात आज चार दात उरलेत. बाकीचे याच उपायाने गेले!

नगरला दंतवैद्यांकडे गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, थंड पाण्याची कळ किती वेळ टिकते? लगेच थांबत असेल तर आतली नस बहुधा शाबूत असते. रात्री दाढ आपोआप ठणकत असेल तर कीड नसेपर्यंत पोचली असण्याचा संभव असतो. मग आधी नस काढून मुळांतील पोकळी साफ करून भरावी लागते. माझी कळ क्षणात थांबत होती. क्ष-किरण चित्रानेही तेच सांगितले.

आमच्या गावात पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि उरलेल्या पाण्यावर पिके ठरवतात. दाढेचा हिशेबही असाच निघाला. गेले किती, यापेक्षा उरले किती, हे आधी पाहायचे.

आईच्या दाढेत काळपट 'चांदी' आहे. ती नुसती चांदी नव्हे. चांदी, कथील, तांबे यांची भुकटी पाऱ्यात कालवून ती बनते. टिकते पुष्कळ, पण दाताला चिकटत नाही. ती अडकून राहावी म्हणून चांगला दातही कोरावा लागतो. २०१३ च्या मिनामाता करारात तिचा वापर कमी करण्याचे ठरले. तरी जुनी चांदी नीट असेल तर ती उगाच उकरू नये, असे डॉक्टर म्हणाले. (आईचा जीव भांड्यात पडला.)

काच-आयनोमर सिमेंट दाताला स्वतःच चिकटते आणि फ्लोराइडही सोडते. मात्र चावण्याच्या जोरापुढे ते लवकर झिजते. दातांच्या रंगाचे कंपोझिट थराथराने भरून निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. ते मजबूत असते, पण भरताना लाळेचा थेंबही चालत नाही. चावण्याचे उंचवटे बरेच गेले असतील तर प्रयोगशाळेत तुकडा घडवून वर चिकटवतात.

आणि कॅप? ती सर्वांत उत्तम, अशी माझी समजूत होती. पण कॅप बसवायला दाढ चहूबाजूंनी घासावी लागते, आणि घासलेले परत येत नाही! नस काढलेली दाढ फुटू नये म्हणून तिला बहुधा कॅप लागते. माझ्या दाढेच्या तीन भिंती धड होत्या. एका कोपऱ्यासाठी त्या कशाला घासायच्या? खर्चही कॅपचा कितीतरी जास्त. मी कंपोझिट भरून घेतले.

घरी आल्यावर आजीने बोटाने दाढ चाचपून पाहिली. "दुखली का गं?" तिने विचारले. नाही म्हटल्यावर जरा वेळाने म्हणाली, "माझी चार बघतील का ते?" उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला घेऊन जाणार आहे.

— द्वितीय वर्ष, कला